आई-बहिणीवर न जाता रॅप बॅटल जिंकता येते का?

कट्टेकरी (धागाकर्ता)

महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये यंदा मराठी रॅप बॅटल आहे, म्हणजे दोघे समोरासमोर, आळीपाळीने एकमेकांना यमकांत चिमटे काढणार. आठ स्पर्धक, बाद पद्धत. नियमावली लिहायचं काम आमच्या गळ्यात आलंय. प्राध्यापकांचं म्हणणं एका वाक्यात संपतं: शिव्या नकोत. पोरांचं त्याहून छोटं: मग काव्यवाचन ठेवा.

निवड फेरीसाठी आलेल्या ध्वनिफिती ऐकल्या तर आशय साधारण एकच. मी मर्द, तू बायल्या, तुझी बहीण अशी, तुझी मैत्रीण तशी, माझ्यामागे पोरींची रांग. शिव्या गाळल्या तरी आशय तसाच राहतो. म्हणून प्रश्न असा, की ही मर्दानगी हिपहॉपच्या मुळातच आहे की नंतर चढलेली पुटं आहेत? मुळातच असेल तर नियम करून काही होणार नाही. पुटं असतील तर कुठून खरवडायची? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'कालाय तस्मै नमः' छाप प्रतिसाद नकोत, कृपया.

बाकावरचा

खुर्ची टाकली आहे. चहा कोण आणतंय?

ब्राँक्सकर

मुळाचं विचारलंय तर मुळापासून.

११ ऑगस्ट १९७३ हा हिपहॉपचा वाढदिवस धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या सामाईक खोलीत कूल हर्क नावाच्या डीजेने त्या दिवशी तबकड्या वाजवल्या. पार्टीचा घाट मात्र त्याच्या बहिणीचा, सिंडी कॅम्पबेलचा. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. पुढे १९७९ मध्ये रॅपची पहिली जोरदार खपलेली तबकडी बाजारात आणली तीही एका बाईने, सिल्व्हिया रॉबिन्सनने, शुगर हिल रेकॉर्ड्समधून. 'हा पुरुषांचा खेळ, बायका मागून आल्या' हे इतिहासात बसत नाही.

बॅटलचं घराणं याहून जुनं. कृष्णवर्णीय वस्त्यांत 'डझन्स' नावाचा खेळ होता. दोघे समोरासमोर, भोवती कोंडाळं, आळीपाळीने एकमेकांच्या आईवरून टोमणे. म्हणजे आई तिथे पहिल्यापासून आहे, कट्टेकरींना आवडो न आवडो. पण त्या खेळात जो चिडला तो हरला. हात उचललास की संपलास. विल्यम लाबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या पोरांमध्ये बसून याचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये नियम मांडले. सगळ्यात महत्त्वाचा नियम: टोमणा उघडउघड खोटा असला पाहिजे. 'तुझी आई इतकी जाड की...' पुढे अशक्य काहीतरी. खरं असू शकेल असं बोललास की खेळ संपतो आणि भांडण सुरू होतं. आत्ताची पोरं 'तुझी बहीण अमक्याबरोबर फिरते' म्हणतात तेव्हा हाच नियम मोडतात. ते खोटं आहे हे ऐकणाऱ्याला कळायची सोयच नसते.

पुढची पायरी डिसेंबर १९८१, हार्लेम वर्ल्ड क्लब. तोवर एमसींची, म्हणजे माईकवाल्या रॅपरांची, स्पर्धा म्हणजे गर्दीला कोण जास्त ओरडायला लावतो. कूल मो डी या रॅपरने तिथे बिझी बी या दुसऱ्या रॅपरच्या घोषणा, त्याचं नाव, त्याची यमकं एकेक करून सोलली. मारा होता तो कारागिरीवर.

आनंदराव नगरकर

हे सगळे थेर अमेरिकेचे. आपल्या शाहिरीत असलं काही नव्हतं.

तळकोकणी

आनंदराव, खंय होतात इतके दिवस?

कलगी-तुरा विसरलात काय? कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणार, तुरेवाले शिव. सगळ्या सवाल-जवाबाचा पायाच मुळी प्रकृती मोठी की पुरुष मोठा. रत्नागिरीकडे शक्ती-तुरा आजही रात्रभर रंगतो. आधी गण, गवळण, सगळं सोवळ्यात, आणि मग शाहीर समोरच्यावर घसरला की विचारू नका. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी आहे. दोन बुवा, दोन संच, आळीपाळीने भजन. समोरच्याची पेटी, त्याचा पखवाजवाला, मागच्या बारीत चुकलेली चाल, सगळ्याचा पंचनामा गजरातून होतो, तोही विठ्ठलाच्या साक्षीने.

कट्टेकरी

हे डोक्यात नव्हतं, धन्यवाद. पण डबलबारीत बुवाच्या बहिणीवर जातात का?

तळकोकणी

गेलो तर पुढची सुपारी मिळणार नाही. मंडपात पुढच्या रांगेत गावातल्या बायका आणि म्हातारी माणसं बसलेली असतात. बुवा काय सभ्य असतात असं नाही, समोर कोण बसलंय ते बघून बोलतात.

बाकावरचा

पहिल्या रांगेत आज्ज्या बसवा. नियमावली संपली.

ध्वनिदुरुस्ती

शब्दांवर बरंच आलं. मर्दानगी निम्मी आवाजात बनवतात, आणि ती बनवायची यंत्रं आहेत, म्हणून हा प्रतिसाद.

स्टेजवरचा नेहमीचा डायनॅमिक माईक समोरून ऐकतो, मागून कमी. असा माईक तोंडाच्या पाच सेंटिमीटरच्या आत आणला की खर्ज फुगतो. १०० हर्ट्झच्या आसपास सहा ते दहा डेसिबलपर्यंत सहज वाढ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ, बाईचा १६५ ते २५५. म्हणजे माईक ओठाला लावण्याचा फायदा त्याला आयता मिळतो, तिला फारसा नाही. वर मिक्सरवाला सगळ्यांना एकच सेटिंग ठेवतो आणि मग लोक म्हणतात, पोरीच्या आवाजात दम नाही. उपाय सोपा आहे. तिच्या चॅनलवर १२० हर्ट्झच्या खालचं कापा, २०० ते २५० ला दोन-तीन डेसिबल उचला, बीट थोडी खाली घ्या.

दुसरं, माईकची जाळी मुठीत धरणं. व्हिडिओत फार रुबाबदार दिसतं. जाळीच्या मागच्या बाजूला आवाज आत जाण्याच्या फटी असतात, माईकला मागचं कमी ऐकू येतं ते त्यांच्यामुळे. मुठीने त्या बुजल्या की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. स्पीकरचा आवाज परत आत शिरतो, शिटी वाजते, शब्द डब्यात बोलल्यासारखे होतात. शिटी थांबवायला मिक्सरवाला गेन (माईकच्या आवाजाची पातळी) खाली घेतो. पठ्ठ्या वाघासारखा उभा आणि ऐकू येतंय मांजर.

तिसरं, ओरडणं. ओरडलं की स्वर वर चढतो आणि आवाज पातळ होतो. गाण्यात जो भारदस्तपणा ऐकू येतो तो बहुतेक वेळा हळू बोलून, जवळून रेकॉर्ड करून, ओळीच्या शेवटच्या शब्दांवर दुसरा टेक चढवून आणलेला असतो. काहीजण त्याखाली एक सप्तक उतरवलेला थर बारा-पंधरा डेसिबल खाली ठेवतात. त्या थराचं ८० हर्ट्झखालचं कापलं नाही तर तो ८०८ या ड्रम मशीनच्या बासशी (४० ते ६० हर्ट्झ) भांडतो आणि सगळा चिखल होतो. हे सगळं स्टुडिओत. स्टेजवर यातलं काही नसतं, म्हणून पोरं ओरडून भरपाई करतात आणि दुसऱ्या राउंडला घसा बसतो.

मिशीवाला मावळा

म्हणजे मर्दानगी दहा डेसिबलची आहे तर. घरी कळवतो.

फक्त रॉ

इथे सगळे नियम करायला बसलेत, तर थोडं विरुद्ध लिहितो.

शिवी काढून टाका म्हणणारे कोण, हे आधी बघा. वस्तीत शिवी ही हाक आहे, स्वल्पविराम आहे, कधी लाडही आहे. ती भाषा रॅपमध्ये आली म्हणूनच मराठी-हिंदी रॅप कॉन्व्हेंटच्या पोरांच्या हातातून सुटला. आता महाविद्यालयाचा मंच आला की पुन्हा प्रमाण मराठी, पुन्हा 'सुसंस्कृत'. मग वस्तीतला पोरगा येणारच नाही. वृत्तपत्राच्या अग्रलेखावर यमकं जुळवणारे आठजण येतील आणि प्राध्यापक टाळ्या वाजवतील.

आणि मर्दानगीचंही तेच. ज्याच्याकडे पैसा नाही, नोकरी नाही, जातीची पुण्याई नाही, त्याच्याकडे अंगाचा रुबाब तेवढा उरतो. तोही काढून घ्या.

रानजाई

फक्त रॉ, पहिल्या परिच्छेदाशी सहमत. दुसऱ्याशी अर्धी. त्याच वस्तीतल्या पोरीकडेही पैसा नाही, नोकरी नाही. तिच्या वाट्याला रुबाब येत नाही, ती यमकात वापरायला उरते.

शिवीच्या दोन जाती वेगळ्या करा. हाक किंवा उद्गार म्हणून येणारी एक, आणि समोरच्याच्या घरातल्या बाईचं काहीतरी करण्याचा दावा करणारी दुसरी. पहिली भाषेचा पोत आहे, ती चाळत बसू नये. दुसरीचा समोरच्या स्पर्धकाशी संबंधच नसतो. ज्या बाईवर ती जाते ती मंचावर नाही, तिला उत्तराचा राउंड नाही.

आता बॅटलमधल्या बाईबद्दल. १९८४ मध्ये रॉक्झॅन शांटे ही रॅपर चौदा वर्षांची होती. यूटीएफओ नावाच्या चमूने भाव न देणाऱ्या मुलीवर गाणं केलं होतं, हिने त्याच मुलीच्या तोंडून त्यांना उत्तर दिलं आणि उत्तर प्रचंड गाजलं. १९८५ मध्ये न्यू म्युझिक सेमिनार या न्यूयॉर्कच्या संगीत-परिषदेतल्या बॅटलच्या अंतिम फेरीत ती बिझी बीकडून हरली, आणि तिला मिळालेल्या कमी गुणांचा वाद आजही निघतो. कट्टेकरी, शब्दांची यादी करण्याआधी परीक्षकांची यादी करा. त्यांच्यात एकही बाई नसेल तर 'अटिट्यूड'चे गुण मापायला फूटपट्टी पुरुषाचीच.

आणि एक कारागिरीची गोष्ट. इंग्रजीतला 'मी' बाई की पुरुष ते क्रियापद सांगत नाही. मराठीत 'मी येतो', 'मी येते', दर ओळीला दाखला द्यावा लागतो. त्यात क्रियापद शेवटी, म्हणजे यमक नेमकं त्याच्यावर. सगळी बढाई 'करतो-मारतो-फाडतो'वर संपते आणि बाईने तीच रचना उचलली की 'करते-मारते' ऐकून पोरं हसतात. सुटका आहे. सकर्मक भूतकाळ घ्या: 'मी जिंकलं मैदान', इथे क्रियापद मैदानामागे जातं. भविष्यकाळ घ्या: 'मी येईन'. किंवा क्रियापद मधे ओढून यमक नामावर टाका. यमकही कसदार होतं, कारण 'तो'ला 'तो' जुळवणं म्हणजे काही जुळवणं नव्हे.

सोळा मात्रा

रानजाई, शेवटच्या मुद्द्याला दंडवत. तिथूनच पुढे.

९० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची, बीट घ्या. चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा. प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे केले की सोळा घरं. आपल्या पादाकुलक वृत्ताच्या चरणात सोळाच मात्रा असतात, म्हणून मराठी माणसाच्या जिभेला हा मीटर जड जात नाही. लघूला एक घर, गुरूला दोन. पंचचा, म्हणजे ओळीतल्या टोल्याचा, शब्द चौथ्या ठोक्यावर, म्हणजे तेराव्या घरापासून.

निवड फेरीत येतात तशा ओळी:

*तुझी पोरगी माझ्या मागे, तुझी बहीण माझी फॅन,*
*मी आहे खरा मर्द भावा, तू फक्त मोबाइलचा मॅन.*

यातलं एक अक्षर समोरच्या माणसाबद्दल नाही. घरून लिहून आणलेली, कुणालाही चिकटणारी. ज्याच्यावर टाकली त्याने 'मला बहीणच नाही' एवढं म्हटलं की फुगा फुटला. आता त्याच जागी:

*पाठ करून आलास भावा, तिसऱ्या ओळीत अडखळलास,*
*आरशापुढं वाघ होतास, माईकपुढं गडबडलास.*

मोजा. पहिले तीन चरण नेमके सोळाचे. चौथा पंधराचा, उरलेलं एक घर श्वासाला. यमकाच्या शब्दांचे सगळे स्वर जुळतात. आणि मुख्य म्हणजे ही ओळ तिथेच, त्याची चूक डोळ्यांनी बघितल्यावरच म्हणता येते. ऐकणाऱ्यांनी ती चूक दोन मिनिटांपूर्वी पाहिलेली असते, म्हणून ओरडा होतो. घरून आणलेल्या बहिणीला एवढा ओरडा मिळत नाही.

पोरं बहिणीवर जातात याचं एक कारण आळस आहे. नव्वद सेकंद भरायचे, समोरच्याबद्दल माहिती शून्य, मग तयार साचा. आयोजकांनी दोन दिवस आधी प्रत्येक स्पर्धकाचं एक मिनिटाचं गाणं समोरच्याला पाठवलं तर लिहायला माल मिळतो. कुठलं यमक चोरलं, कुठे श्वास तुटला, कुठल्या ओळीत स्वतःला वाघ म्हटलं, सगळं हाताशी.

वऱ्हाडी ठसका

भाऊ, आमच्या अमरावतीचा रॅपर सौरभ आयका. नाव '१००आरबीएच' असं लिवतो, वाचाचं सौरभ, १०० म्हंजे हिंदीतलं सौ. वऱ्हाडीत बोलते तं समोरचा ऐकतच राह्यते. दम दाखवाले बहीण कायले लागते?

तळकोकणी

सौरभच्या स्वदेशी चमूने मुंबईच्या आरे जंगलातल्या प्रकाश भोईर यांना घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. त्यातही राग ठासून भरलाय. रोख जंगल तोडणाऱ्यांवर.

ब्राँक्सकर

मघाशी अर्धं राहिलं. पुटं कधी चढली त्याचा एक ठळक टप्पा आहे.

मे १९९१ पर्यंत अमेरिकेत अल्बमच्या खपाची यादी दुकानदारांना फोन करून, त्यांच्या सांगण्यावरून बनायची. त्या महिन्यात ती यादी छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने साउंडस्कॅन सुरू केलं, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाजला तेवढाच हिशेब. जूनमध्ये एनडब्ल्यूए या गँगस्टा रॅप चमूचा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर उतरला आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्यावर. कंपन्यांना कळलं की कडक, शिवराळ, बंदूकवाला रॅप उपनगरातली गोरी पोरं दणादण विकत घेतात. मग पैसा तिकडेच गेला. तोपर्यंत डे ला सोल या चमूसारखे रंगीबेरंगी फुलांचे अल्बम (१९८९) तेवढेच मानाने चालत होते. त्यांना 'मऊ' म्हणून इतकं चिडवलं की १९९१ च्या पुढच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी फुटलेली फुलांची कुंडी छापली. १९९२ मध्ये तर केआरएस-वन या रॅपरने पीएम डॉन या मवाळ चमूच्या गायकाला चालू कार्यक्रमात मंचावरून ढकलून दिलं. मऊपणाला शिक्षा ही अशी जाहीर व्हायला लागली.

फक्त रॉ, तुमच्या 'काढून घ्या'ला हे उत्तर आहे. तो रुबाब वस्तीने घडवला, खरं. पण त्यातला कुठला तुकडा विकायचा हे वस्तीने ठरवलं नाही.

फक्त रॉ

हे मान्य. पण मग बाजाराला शिव्या द्या, पोराला का?

मिशीवाला मावळा

शिव्या द्यायच्या की नाही तेच तर ठरत नाहीये ना भाऊ.

आनंदराव नगरकर

ते हनी सिंगचं काय झालं होतं? २०१२ च्या अखेरीला दिल्लीच्या बलात्काराच्या घटनेनंतर?

रानजाई

त्याच्या नावावर फिरणाऱ्या अश्लील गाण्यांविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, गुरगावच्या हॉटेलातला ३१ डिसेंबरचा कार्यक्रम रद्द झाला. ज्या गाण्यावरून गदारोळ झाला ते आपलं नाहीच असं त्याने सांगितलं. कार्यक्रम रद्द झाल्याने गाणी फिरायची थांबली नाहीत, चवीने वाजली. बंदीची यादी करायची असेल तर हे ध्यानात असू द्या. यादी भिंतीवर लागली की ती मोडणं हाच पंच होऊन बसतो.

स्वरभंग

धागा बॅटलवर अडकलाय, पण हिपहॉप म्हणजे बॅटल एवढंच नाही. मऊपणा मागच्या दाराने परत आला तो ऑटो-ट्यूनमधून. आई गेल्यावर, २००८ मध्ये, अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने अख्खा अल्बम त्यावर गायला. हे यंत्र सूर दुरुस्त करायला १९९७ मध्ये निघालं. त्यात 'रीट्यून स्पीड' नावाचा खटका आहे. तो शून्यावर नेला की सूर सरकत नाही, पायरी चढल्यासारखा उडी मारतो, आणि आवाज चिरकल्यासारखा, रडवेला लागतो. साधा आवाज काढून रडणं पुरुषाला जमत नव्हतं, यंत्राच्या आडून जमलं, असं माझं मत. वाद घाला.

करायचं असेल तर: आधी गाण्याची पट्टी नक्की शोधून तीच भरा. पट्टी चुकली की यंत्र इमानेइतबारे चुकीच्या सुरावर नेऊन बसवतं. बाराही सूर उघडे ठेवले तर परिणाम मिळमिळीत. गायकाने अगदी सुरात गायलं तर यंत्राला कामच उरत नाही, थोडी घसीट हवी. आणि मींड, मुरकी घेणाऱ्यांनी जपून, सगळ्या मुरक्यांचे जिने होतात.

पुढे रॅपर जे-झीने २०१७ च्या अल्बममध्ये बायकोची माफी मागितली. त्याच वर्षी लॉजिक या रॅपरने आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर हेच गाण्याचं नाव ठेवलं. ते गाणं गाजलं त्या काळात त्या हेल्पलाइनवरचे फोन सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, असा शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२१ मध्ये छापला. आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. 'चौदा चार सोळा' ठेक्यात बसतं, बघा कुणाला हुक (गाण्याची पुन्हा-पुन्हा येणारी ओळ) सुचतो का.

सोळा मात्रा

चौ-दा-चा-र-सो-ळा, अकरा मात्रा. 'फोन लाव' पुढे जोडलं की सतरा होतात, एक जास्त. 'बोल ना' जोडा, सोळा.

ब्राँक्सकर

स्वरभंग, मऊपणा बॅटलमध्येही चालतो. 'एट माइल' (२००२) सिनेमातली शेवटची फेरी आठवा. नायक पहिला बोलतो आणि समोरचा जे जे काढणार ते सगळं स्वतःच सांगून टाकतो. गरिबी, आईबरोबर ट्रेलरमध्ये राहणं, खाल्लेला मार, मैत्रिणीने दिलेला धोका. मग माईक समोरच्याकडे टाकतो. त्याच्याकडे बोलायला काही उरतच नाही. मात्र ही खेळी पहिल्याने बोलणाऱ्यालाच जमते. दुसऱ्याने केली तर आधीच्याचं म्हणणं कबूल केल्यासारखं होतं.

कट्टेकरी

एवढ्या मालावर कच्चा मसुदा करतोय. बंदीची यादी नाही. तीन राउंड, तीन परीक्षक, त्यात किमान एक बाई. दोन दिवस आधी एकमेकांची गाणी. शिवी हाकेपुरती चालेल; गैरहजर माणसाच्या शरीरावर ओळ गेली तर ती ओळ शून्य धरायची, स्पर्धक बाद नाही. बरोबर? वेळ किती ठेवू? बीटवर की बीटविना?

सोळा मात्रा

बीटवर ठेवा. बीटविना लिखित राउंड ही अमेरिकेतल्या लीगची पद्धत आहे, तिथे तीन-तीन मिनिटं पाठ करून येतात. नवख्याला बीट सावरून घेते, आणि वेळही आपोआप मोजली जाते. ९० बीपीएमला सोळा बार म्हणजे ४२.६७ सेकंद. राउंडला बत्तीस बार द्या, सव्वा मिनिटाच्या थोडं वर. बीट थांबली की माईक बंद. घड्याळवाल्याशी भांडण नाही.

गुण: लेखन १०, सादरीकरण १०, प्रत्युत्तर १०. प्रत्युत्तराचे वेगळे गुण असलेच पाहिजेत, कारण घरून आणलेला माल तिथे उघडा पडतो. पहिल्या राउंडात पहिल्या बोलणाऱ्याला प्रत्युत्तराची संधीच नसते, म्हणून हे गुण दुसऱ्या राउंडापासून. दुसरा बोलणारा नेहमी फायद्यात असतो, तेव्हा नाणेफेक पहिल्या राउंडापुरती, पुढे क्रम उलटा.

'ओळ शून्य' मंचावर जाहीर करू नका. परीक्षकाने कागदावर नोंदवायची, निकालात सांगायची. भर राउंडात थांबवलं की तोच हिरो होतो.

रानजाई

जातीवरून ओळ आली तर मात्र शून्य धरून सोडू नका. तिथे थेट बाद. ॲट्रॉसिटी कायदा 'बॅटल होती' हे कारण ऐकून घेणार नाही, आणि आयोजक म्हणून तुम्हीही अडकू शकाल. हे एकच कलम ठळक अक्षरात छापा आणि सही घ्या. 'बायल्या', 'छक्का' वगैरे शब्दांवर जिंकायचा प्रयत्न झाला तर तीही गैरहजर माणसावरचीच ओळ धरा. सभागृहात तसं जगणारी माणसं बसलेली असू शकतात.

फक्त रॉ

चालेल. अट एकच, बोलीला गुण कापायचे नाहीत. परीक्षकांपैकी एकाला तरी वस्तीची भाषा कळली पाहिजे, नाहीतर तो अर्ध्या पंचवर टिपण काढत बसेल.

कट्टेकरी

घेतलं. टाळ्यांवर निकाल नाही ना ठेवायचा?

तळकोकणी

अजिबात नको. ज्याच्या वर्गातली पोरं जास्त तो जिंकतो.

ध्वनिदुरुस्ती

दोन वायरवाले माईक आणि एक जास्तीचा. वायरलेस नको, ऐन पंचला बॅटरी जाते. दोन्ही माईक एकाच मॉडेलचे, नाहीतर हरलेला माईकवर खापर फोडतो. बीट आवाजापेक्षा सहा डेसिबल खाली. मॉनिटर स्पीकर स्पर्धकासमोर जमिनीवर, माईकच्या पाठीमागच्या दिशेला. माईक धरायचा जाळीच्या खाली दांड्याला, ओठापासून दोन बोटं. हे आठही जणांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष करून दाखवा, कागदावर कुणी वाचत नाही.

मिशीवाला मावळा

आणि ज्याने जाळी मुठीत धरली त्याचं?

ध्वनिदुरुस्ती

त्याचा गेन मी खाली घेईन. सांगणार नाही.